जिंकल्याची लादी

"हीरा, तुझा कागद आला. हात पूस आणि ये."

लधाराम शेठनी हाक मारली तेव्हा हिरामणच्या आकड्याला बर्फाची अख्खी लादी होती. ती त्याने सावकाश फळीवर सरकवली, वर भुसा टाकला, हात धोतराला पुसले आणि पुसूनही ओलेच राहिले म्हणून बंडीला पुसले. अमेरिकेच्या कागदावर पाण्याचा थेंब पडला की शाई पसरते, हा धडा त्याने पहिल्याच पत्राला घेतला होता. त्या पत्रातलं कॉलेजाचं नाव अजून निळा डाग होऊन घडीत पडलेलं होतं.

शेठचा बर्फाचा कारखाना उल्हासनगरच्या टोकाला, अंबरनाथच्या अंगाला, वालधुनीच्या काठी होता. फाळणीपूर्वी सिंधमधल्या सक्करला त्यांचा याहून मोठा होता असं ते सांगत, आणि कारखाना सोडून आलेला माणूस तो थोडा मोठाच करून सांगतो हे धरूनसुद्धा तो मोठाच असावा. बायको छावणीतल्या पहिल्याच पावसाळ्यात गेली. उरला एक मुलगा, हशू. तो दोन वर्षांपूर्वी यंत्राने थंडी कशी तयार करतात ते शिकायला अमेरिकेला गेला होता. येत्या जूनमध्ये परत यायचा होता.

त्याच्या पाकिटातून नेहमी दोन कागद निघत. एक सिंधीत, शेठसाठी. तब्येत बरी आहे, अभ्यास ठीक आहे, पाया पडतो. दुसरा मराठीत, हिरामणसाठी, आणि हा पहिल्याच्या तिप्पट लांब. शेठना मराठी बोलता येई, पण वाचायला घेतलं की त्यांचा डोळा सिंधीच्या सवयीने ओळीच्या उजव्या टोकाकडून निघायचा. हिरामणची चौथी बदलापूरच्या शाळेत झालेली. हशूला मराठी शिकवली ती त्यानेच, मिठाच्या गार पाण्यात बर्फाचे डबे बुडवलेल्या टाकीच्या लाकडी झाकणांवर बसवून, आणि लादी कशी जमते तेही तिथेच शिकवलं. त्यामुळे बापाला पाया पडणं आणि हिरामणकाकाला बाकी सगळं, अशी पोराने वाटणी केलेली होती. शेठना ती सलत असे. पण सलतं आहे हे दाखवण्याइतके ते कच्चे नव्हते.

"वाच. मला काय, मी आपला बसलोय," ते म्हणाले आणि पंख्याखालची खुर्ची जवळ ओढली.

हिरामणने वाचलं. हशूच्या कॉलेजात बर्फावर हॉकी खेळतात. मैदानावर नाही, बर्फावर. पायात सुरीसारखं पातं लावलेले बूट, चेंडूच्या जागी रबराची काळी चकती, एका बाजूला सहा माणसं. त्या बर्फाची देखभाल करायचं काम यंदा हशूला मिळालं होतं, त्यात त्याचं जेवण सुटत होतं. डिसेंबर लागला होता, हंगाम सुरू झाला होता, आणि पहिली मॅच ते चार-तीनने जिंकले होते.

"सहा? अकरा नाही?"

"सहाच लिवलंय, शेठ."

"आणि बर्फ कोणाचा? कारखान्याचा?"

"आभाळाचा. पाणी वतायचं, थंडीनं आपसूक जमतंय. टाकी नाय, मीठ नाय, काय नाय."

ज्या देशात बर्फ आपोआप जमतो तिथे आपण मुलाला बर्फ शिकायला पाठवलं, हे शेठना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. मग ते म्हणाले, "जिंकले ना? मग एक लादी फोड. दारात जो उभा असेल त्याला दे. आज फुकट."

जिंकल्याची लादी अशी सुरू झाली. दारात मासळीच्या बायका होत्या, दूधवाले होते, शिवाय नुसते उभे असलेले चारजण होते. थंडीच्या दिवसातसुद्धा फुकटचा बर्फ कोणी नाकारला नाही.

लादी फुटत असताना शेठ हळूच म्हणाले, "हारा हुआ आदमी घर नहीं लौटता, हीरा. मी गेलो का परत सक्करला? जिंकत राहिला पाहिजे पोरगा. मग येईल."

हे हिरामणने ऐकलं, आणि त्याच्या जोडीला त्याला दिवाळीतलं दुसरं एक बोलणं आठवलं. हशू नाही आला तर मी हे सगळं विकून इंदूरला भावाकडे जाईन, असं शेठ पेढा देता देता म्हणाले होते. हिरामण बावन्न वर्षांचा होता. मिठाच्या पाण्यात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली होती. बर्फाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि गावची, चामटोलीची शेती तीन भावांत पाय ठेवण्यापुरती उरली होती. हशू परत यावा असं त्याला मनापासून वाटे. त्यात माया बारा आणे आणि पोट चार आणे. निदान तो स्वतः तरी हीच वाटणी सांगत असे.

पुढच्या पत्रात तक्रार आली. बर्फ पांढरा पडतो, आत बुडबुडे राहतात, खेळाडूंच्या पात्याखाली त्याचे टवके उडतात. दोन पोरं तोंडावर आपटली. काका, आपली लादी काचेसारखी निघते, तसं इथे कसं करू?

हिरामण छातीत हवा भरून घरी गेला. अमेरिका त्याला बर्फ विचारत होती. सकाळी तो अंगणात कागद घेऊन बसला तेव्हा त्याची बायको विठा सारवत होती.

"पाणी उकळून घ्यावं लागंल त्याला, म्हंजी हवा निघून जाती," तो म्हणाला. "हे ठावं हाय मला. पण आपल्याकडं डबा असतो. त्यानं येवढं मैदान कसं भरावं? येकदम वतलं तर फुगणारच."

"येकदम कशाला वतायचं?" विठा मान वर न करता म्हणाली. "सारवायचं. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचं, मंग दुसरा हात. आन मागं मागं सरायचं दाराकडं. म्होरं जाऊन कोन सारवतं का? आपलीच पावलं उठतील."

हिरामणने ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. फक्त विठाचं नाव घातलं नाही. नवऱ्यांच्या हातून असं होतं.

उत्तर आलं ते उघडताना त्याचे हात कोरडे होते, तरी त्याने दोनदा पुसले. उकळतं पाणी पातळ पातळ ओतत, मागे सरत, हशूने चार दिवसांत सात हात दिले. बर्फ असा उतरला की खालची रंगवलेली रेघ आरशातल्यासारखी दिसू लागली. हे कुठे शिकलास म्हणून टीमच्या मास्तरांनी विचारलं. पुढे लिहिलं होतं: मी सांगितलं, आमच्याकडे बायका घर असं सारवतात. हे काकीला सांग. तुझं पत्र वाचलं तेव्हाच ओळखलं, हे तुझं डोकं नाही.

शेवटचं वाक्य हिरामणने शेठना वाचून दाखवलं नाही. पत्रातलं गाळायची ती पहिली वेळ.

दुसरी मॅचही जिंकले. दुसरी लादी फुटली. गाळायची दुसरी वेळ जानेवारीत आली, आणि ती नुसती गाळण्याची राहिली नाही.

"आम्ही सहा-एकने हरलो," असं कागदावर होतं. समोर शेठ वाकून बसले होते. दारात मासळीवाल्या भिकीने टोपली खाली ठेवून आत डोकावत विचारलं होतं, "आज जिकलं का रं तुमचं गोरं?" हिरामणच्या तोंडून आलं, "सहा-एकनं जिकलं."

त्याने आकडे खरेच ठेवले होते, नुसते उलटे धरले होते. पहिल्या खोट्याला माणूस एवढी सवलत देतोच.

पण मग टीम हरतच गेली. डोंगरापलीकडच्या कॉलेजाकडून हरली, सरोवराकाठच्या कॉलेजाकडून दोनदा हरली. गोलकीपरचा गुडघा मोडला आणि त्याच्या जागी जो उभा राहिला त्याच्याबद्दल हशूने लिहिलं होतं की हा पोरगा फार सज्जन आहे, सगळ्यांना आत येऊ देतो. बर्फ तेवढा उत्तम होता. समोरची टीमसुद्धा बर्फाची तारीफ करून जायची, दोन पॉइंट घेऊन.

इकडे उल्हासनगरात मात्र टीमचा घोडा उधळला होता. हिरामण अडाणी खोटं बोलणारा नव्हता. सगळ्याच जिंकल्या तर कोण विश्वास ठेवील, म्हणून दोन मॅची त्याने हरू दिल्या. एक बरोबरीत सुटली होती, ती तशीच ठेवली. काय सांगितलं ते विसरू नये म्हणून तो टाकीच्या झाकणावर खडूने आकडे मांडत असे. यंत्रावरच्या बाळाजीने ते एकदा कमरेवर हात ठेवून वाचले.

"हिरामण, एवढी जिंकणारी टीम. मग पेपरात कशी येत नाही?"

"आपल्या पेपरात त्यांचं कशाला येईल?"

"त्यांच्या पेपरात तरी येतं का, विचार की. आणि हा तुझा आकडा पुसून सहाचा नऊ झालाय."

"तो नऊच हाय."

"मग गोलकीपरला मेडल देऊन टाका," म्हणून बाळाजी तेलाचा डबा घेऊन गेला.

शेठ मात्र खुलत चालले होते. दाढी रोज करू लागले. हशूसाठी मागची खोली चुन्याने रंगवून घेतली. लग्नाच्या मांडवात ठेवायला कारखान्यात फुलांची लादी करत. लहान डब्यात अर्धं पाणी गोठवायचं, त्यावर गुलाब ठेवायचा आणि वरून उकळून निववलेलं पाणी ओतायचं, म्हणजे फूल काचेत तरंगल्यासारखं दिसतं. ती करावी हिरामणनेच. शेठ म्हणाले, "जूनला एक करायची. दारात ठेवू. आमचा जिंकलेला पोरगा येतोय."

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जो कागद आला, त्यात मॅच चार ओळींत संपली होती. खाली हशूने लिहिलं होतं:

"काका, इथे मोठ्या शहरात बंद छपराखाली यंत्राने बर्फ करून मैदान बांधताहेत. बारमाही. मास्तरांनी माझं नाव सुचवलं आणि मला तिथे नोकरी मिळाली. टाकी, मिठाचं पाणी, नळ, सगळं आपल्यासारखंच आहे, फक्त डब्याच्या जागी जमीन. मी हो म्हटलं आहे. जूनमध्ये येत नाही. पुढे कधी येईन तेही माहीत नाही. बाबांच्या कागदात हे लिहायला चार वेळा बसलो. तू सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना सोसेल."

"मग? पुढे?" शेठ म्हणाले.

हिरामणने कागदावर नजर ठेवून एक अख्खी मॅच रचली. त्यात आपले लोक आधी मागे होते. मग त्या सज्जन गोलकीपरने तीनदा चकती अडवली. मग शेवटच्या मिनिटाला एका उंच पोराने गोल मारला. हिरामणचा आवाज चढला होता. रचलेली मॅच खऱ्यापेक्षा चांगलीच झाली.

"जूनचं काही लिहिलंय?"

"नाय. जूनचं काय नाय लिवलं."

शेठनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाले, "जिंकले ना? फोड लादी."

तो कागद हिरामणने बंडीच्या आतल्या खिशात पंधरा दिवस बाळगला. सायकलवरून जाताना तो छातीशी वाजायचा. शेवटी त्याने विठाला वाचून दाखवला. तिने तांदूळ निवडायचं थांबवलं नाही.

"सांगितलंत त्यानला?"

"कसं सांगू? म्हातारा मोडंल."

"त्यो मोडंल, का तुमचं काम मोडंल?"

हिरामणने कागदाची घडी घातली.

"बापाला जूनची वाट बघाय लावताय," ती म्हणाली. "खोलीला चुना लावून बसलाय त्यो. कोनच्या पोटासाठी?"

बारा आणे आणि चार आणे ही वाटणी तिथे मोडली. नक्की किती उलटी होती हे त्याने मोजलं नाही.

मार्च लागला आणि शेवटचं पत्र आलं, सोबत एक लहान पुडकं. पुडक्यात रबराची काळी चकती निघाली, तळहाताएवढी, कडेला घासून खरखरीत झालेली. शेठनी ती वास घेऊन पाहिली, दाबून पाहिली, मेजावर उभी करून गडगडवली. "एवढ्याशा रबरामागे बारा माणसं," ते म्हणाले, पण हातातून सोडली नाही. "वाच."

हिरामण उभा राहूनच वाचू लागला, आणि बऱ्याच पत्रांनंतर पहिल्यांदा त्याने कागदावर जे होतं तेच वाचलं. तिकडे उन्हं तापू लागली होती, बर्फ वरून पाझरत होता. हशूने पहाटे उठून शेवटचे तीन हात दिले. मॅच झाली. तीन-दोनने हरलो. हंगाम संपला. सतरांत चार जिंकलो, एक बरोबरी, बारा हरलो.

तो थांबला. पंखा घरघरत होता. "शेठ, मी..." तो म्हणाला. "हरल्याल्या मॅची मी जिकल्या म्हनून वाचल्या."

"ठाऊक आहे."

हिरामणने मान वर केली.

"माझ्या कागदात शेवटी एक ओळ असते," शेठ म्हणाले. "आज जिंकलो. आज हरलो. तेवढंच लिहितो मला. चार मॅची जिंकल्या आणि तेरा लाद्या वाटल्या. हिशेब येतो मला, हीरा."

"मंग फोडत का व्हता लाद्या?"

शेठनी चकती उलटी केली, सुलटी केली. "तू वाचायचास तेव्हा बरं वाटायचं. ती उंच पोराची मॅच फार चांगली होती. तेवढी पुन्हा एकदा सांग कधीतरी." ते हसत होते. "त्यात घाबरायचं काय एवढं? बस."

"नाय, शेठ. अजून येक हाय."

त्याने आतल्या खिशातून जुना कागद काढला. पंधरा दिवसांच्या घामाने त्याच्या घड्या मऊ झाल्या होत्या. त्याने तो पहिल्या शब्दापासून वाचला, 'तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना सोसेल' इथपर्यंत. त्यातलं काही गाळलं नाही. मग कागद घडी करून मेजावर ठेवला आणि लादीवरून हात काढल्यावर करतो तशी बोटं चोळत राहिला.

शेठचं हसू कधी गेलं ते त्याला दिसलं नाही, कारण तो जमिनीकडे पाहत होता. बाहेर बाळाजीचं यंत्र एका लयीत धडधडत होतं. दारात भिकीने विचारलं, "जिकलं का?" मग दोघांकडे पाहून ती टोपली उचलून बाजूला सरली.

"टाकी आपल्यासारखीच, असं लिहिलंय?" शेठनी विचारलं.

"व्हय. मिठाचं पानी, नळ, समदं. फकस्त डबा नाय."

"आणि बारमाही."

"बारमाही."

"मग जिंकला की रे तो," शेठ म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त वाक्य संपल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती परत घालायचं त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी ती चकती हिरामणच्या पुढे केली. "फुलाच्या डब्यात ठेव. स्वच्छ निघाली पाहिजे. एक बुडबुडा चालणार नाही."

हिरामणने पाणी दोनदा उकळलं. डबा अर्धा भरून गोठवला, चकती मधोमध ठेवली, आणि वरचं पाणी एकदम ओतलं नाही. पातळ हात दिला, जमू दिला, मग दुसरा. अकरा हात झाले. बाळाजी दोनदा येऊन पाहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लादी दारात बाकावर ठेवली, खाली गोणपाट, वर भुसा नाही. आरपार दिसत होतं. मधे काळी चकती, कशालाही न टेकलेली. छावणीतली माणसं थांबत. लग्न कोणाचं, म्हणून विचारत. फूल का नाही, म्हणून विचारत. शेठ खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. ते प्रत्येकाला एकच सांगत, "माझ्या मुलाने पाठवली. तिकडे मोठा बर्फखाना बांधतोय." आज फुकटची लादी आहे का, असं भिकीने विचारलं तेव्हा त्यांनी मानेने आत खूण केली. हिरामणने मोठी लादी फोडली. ती चौदावी होती.

दुपारच्या उन्हात बाकावरची लादी बारीक होत गेली. कडा गोल झाल्या, बाकाखालून पाण्याची धार वालधुनीकडे गेली. कोणीतरी म्हणालं, शेठ, सावलीत घ्या, टिकेल. शेठ म्हणाले, टिकवायला नाही केली.

उन्हं कलली तेव्हा चकती ओल्या गोणपाटावर आडवी पडली. शेठनी ती उचलून सदऱ्याला पुसली, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, आणि खिशात ठेवली. खिसा वजनाने खाली ओढला गेला. हिरामण बाजूला उभा होता. कारखाना विकून इंदूरला जाणार का, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने विचारलं नाही.

शेठ खुर्ची उचलून आत निघाले. उंबऱ्यावर थांबून, मागे न वळता म्हणाले, "तो लहान डबा धुऊन पालथा घाल, हीरा. डिसेंबरला लागेल."

हिरामणने डबा धुतला आणि उन्हाचा शेवटचा पट्टा जिथे होता तिथे नेऊन पालथा घातला. मग हात पुसून टाकीच्या झाकणाशी गेला. खडूचे आकडे तिथे तसेच होते, तेरा जिंकलेल्या, दोन हरलेल्या आणि एक बरोबरीची. ते पुसायला ओलं फडकं त्याने हातात घेतलं होतं. ते त्याने खांद्यावर टाकलं आणि सायकल काढली.